आडोसा लपवण्यासाठी नसतो

गेल्या दिवाळीत ठाण्याला आत्याकडे गेले होते. फराळाची ताटली माझ्या हातात देऊन ती आपल्या आरामखुर्चीत न बसता गॅलरीच्या दारात पाट टाकून बसली. "इथे का गं?" म्हटलं, तर तिने हनुवटीनेच शोकेसकडे खूण केली. वरच्या फळीवर, काकांच्या फोटोशेजारी, मोसंबीएवढा पांढरा कॅमेरा होता. आतेभाऊ न्यू जर्सीला असतो. मागच्या खेपेला आला तेव्हा आईसाठी बसवून गेला. आम्ही बोलत होतो तेवढ्यात त्या कॅमेऱ्याने बारीक घर्रर्र आवाज करत मान वळवली. आत्याचा हात आपसूक पदराकडे गेला. "उठला वाटतं," ती म्हणाली.

बाकीचं मग हळूहळू कळलं. उन्हाळ्यात दुपारी ती ब्लाउजचे वरचे दोन हूक काढून पंख्याखाली नुसत्या फरशीवर आडवी व्हायची. ते बंद झालं. बहिणीशी फोनवर सुनेबद्दल चार शब्द बोलायचे तर ती गॅलरीत जाऊन दार लोटून घेते, कारण त्या कॅमेऱ्याला कानही आहेत. एकदा तिने त्याच्यावर हात पुसायचा नॅपकिन टाकला. अर्ध्या तासाने त्या गोळ्यातूनच मुलाचा आवाज आला : "आई, कॅमेऱ्यावर काहीतरी पडलंय बघ. काढ ना." तिने काढला. ७७ वर्षांची बाई, स्वतःच्या हॉलमध्ये.

घरी आल्यावर मी आतेभावाला फोन केला. तो जीव लावणारा मुलगा आहे, आईच्या औषधांची एक वेळ चुकू देत नाही. माझं सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "ताई, आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

हे वाक्य मी कितीजणांच्या तोंडून ऐकलंय! सोसायटीच्या सभेत, हळदीकुंकवाला, ऑफिसात डबे उघडताना. दारावर कॅमेऱ्याची बेल, स्वयंपाकघरात कॅमेरा, पाळण्यावर कॅमेरा, हाक मारली की ओ देणारा स्पीकर. यातल्या कशाबद्दलही शंका काढली की हे उत्तर तयार असतं. या मताची पूर्ण बाजू मांडायची तर ती अशी : आम्ही सरळ माणसं, ज्याला लपवायचंय त्याने घाबरावं. कॅमेऱ्याने घर सुरक्षित राहतं, म्हातारी माणसं नजरेसमोर राहतात, कामाला येणाऱ्यांवर वचक राहतो. एवढ्या मोठ्या कंपन्यांना आमच्या वरणभातात काय रस असणार? आणि माहिती काय, ती केव्हाच चहूकडे गेलीय. शेवटी घर माझं, पैसे माझे, कॅमेरा माझा. यात कोणी नाक खुपसायचं कारण काय?

मला या मताचा मनापासून राग येतो. ते चुकीचं आहे म्हणून येतोच, पण ते बोलणारी माणसं चांगली असतात, म्हणून जास्त येतो.

'आपल्याकडे' या शब्दापासूनच सुरुवात करते. आपल्याकडे म्हणजे कोणाकडे? आतेभाऊ त्या हॉलमध्ये राहत नाही. उन्हाळ्याच्या घामाने त्याचा पदर सरकत नाही, फोनवर मन मोकळं करताना त्याचा आवाज कोणी टिपत नाही. ज्याच्या मोबाईलमध्ये अ‍ॅप आहे त्याला लपवायचं काही नसतं, हे अगदी खरं आहे. तो चित्रात नसतोच. कॅमेरा विकत घेणारा एक, बसवणारा एक, पाहणारा एक, आणि दिसणारी वेगळीच. घरात दिवसभर कोण असतं, ते आठवून पाहा. म्हातारी आई, बाळंतीण, शाळेतून आलेली मुलं, भांडी घासणाऱ्या मावशी, आजारी माणसाजवळ बसवलेली आया. यांच्यापैकी कोणी तो कॅमेरा घेतलेला नसतो. आणि यांच्यापैकी कोणाला तरी तुम्ही हा प्रश्न विचारलात का? तुम्ही तो स्वतःलाच विचारलात आणि स्वतःच उत्तर देऊन टाकलंत.

दुसरा शब्द 'लपवणं'. मराठीत लपवणं वेगळं आणि आडोसा वेगळा. चुलीला वाऱ्याचा आडोसा करतात, बाळाला पाजायला पदराचा आडोसा घेतात, गावाकडे अंघोळीला जुन्या साडीचा आडोसा लावतात. यात कुठे चोरी आहे? गिरणगावातल्या चाळींत दहा बाय बाराच्या एका खोलीत आठ-दहा माणसं राहायची. नवं जोडपं आलं की दोरीवर साडी टाकून कोपरा आड केला जाई. साडीच्या पलीकडे काय आहे ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असे. तरी प्रत्येक जण भिंतीकडे तोंड करून झोपे. त्या दोरीवरच्या साडीने कुठलीही गोष्ट गुपित ठेवली नव्हती. माणसाला माणूस म्हणून वागवायचं तर मधे काहीतरी हवं, एवढंच ती सांगत होती. इतक्या अडचणीत, इतक्या गरिबीत ज्यांनी तो आडोसा सांभाळला, त्यांच्या नातवंडांनी थ्री बीएचकेमध्ये तो काढून टाकावा आणि वर विचारावं की लपवण्यासारखं काय आहे? आत्या काहीच लपवत नव्हती. तिला हूक काढून फरशीवर पडायचं होतं.

आता वरणभाताकडे. कंपन्यांना आपल्यात काय रस, असं म्हणणाऱ्यांनी हे यंत्र चालतं कसं ते एकदा पाहावं. कॅमेरा घरच्या वायफायला जोडलेला असतो. तिथून चित्र सहसा कंपनीच्या सर्व्हरमार्फत तुमच्या मोबाईलवर येतं, आणि साठवणुकीचे पैसे भरले असतील तर तिथेच राहतं. म्हणजे आत्याच्या हॉलमध्ये पाहणारा एकटा मुलगा नाही, एक खिडकी त्या कंपनीच्या कचेरीतही उघडते. त्या खिडकीत कोण उभं असू शकतं? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या मालकीच्या 'रिंग' या कॅमेरे विकणाऱ्या कंपनीवर तक्रार दाखल केली. तक्रारीत म्हटलं होतं की २०१७ मध्ये कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने कित्येक महिने महिला ग्राहकांची हजारो चित्रणं पाहिली, आणि ती होती न्हाणीघरातली, झोपायच्या खोलीतली. बाहेरचे लोकही खाती फोडून आत शिरले आणि कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून घरातल्या माणसांना, लहान मुलांना शिवीगाळ करत राहिले. ५८ लाख डॉलरवर प्रकरण मिटलं. ग्राहकांनी ते कॅमेरे कशासाठी बसवले होते? सुरक्षिततेसाठीच ना?

त्याच सुमाराला अ‍ॅमेझॉनच्याच अलेक्सावर याच आयोगाची दुसरी तक्रार झाली. मुलांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणं आईवडिलांनी पुसायला सांगूनही पूर्ण पुसली गेली नव्हती. तिथे दंड अडीच कोटी डॉलरचा होता. आणि टीव्हीचं म्हणाल तर 'व्हिझिओ' कंपनीचे १ कोटी १० लाख टीव्ही घरात सेकंदासेकंदाला काय पाहिलं जातंय ते टिपून कंपनीला कळवत होते आणि ती माहिती विकली जात होती. २०१७ मध्ये त्या कंपनीविरुद्ध आयोगाच्या जोडीला राज्य सरकार म्हणून उभं राहिलं ते न्यू जर्सी. माझा भाऊ राहतो ते. तेव्हा वरणभातात रस आहे. रस आहे म्हणूनच ते यंत्र इतकं स्वस्तात मिळतं.

पण अमेरिकेपर्यंत जायची गरजच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातली चित्रणं यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर सापडली. तपासणीच्या टेबलावरच्या बायका, इंजेक्शन घेणाऱ्या बायका. टेलिग्रामवर त्यांचा भाव लावून विक्री चालली होती. अहमदाबादच्या पोलिसांनी पकडलेल्यांत आपल्या लातूर आणि सांगली जिल्ह्यांतले तरुण होते. तपासात निघालं की कॅमेऱ्यांचा पासवर्ड होता 'अ‍ॅडमिन१२३'. कॅमेरे विकत आले तेव्हा जो होता तोच, कोणी बदललेला नाही.

त्या टेबलावरच्या बाईच्या जागी जाऊन एकदा विचार करा. ती तिथे स्वतःच्या पायाने आली, डॉक्टरांवर भरवसा ठेवून. पडदा ओढलेला होता. तिला लपवण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. गरोदर असणं हा काही गुन्हा नाही, तपासून घेणं हा गुन्हा नाही. तरी तिचं सगळं गेलं. ती कोणत्याही पोलिस ठाण्यात जाऊन 'ते परत द्या' म्हणू शकत नाही. फोडलेलं कुलूप नवीन घेता येतं, चोरीला गेलेले दागिने एखाद्या वेळी सापडतात. हे सापडतही नाही आणि संपतही नाही. कोणाच्या मोबाईलमध्ये ते पडून आहे, हे तिला मरेपर्यंत कळणार नाही. आणि तो कॅमेरा बसवणाऱ्याने तेव्हा काय म्हटलं असेल? सुरक्षिततेसाठी.

असे कॅमेरे फोडायला फार मोठी विद्या लागत नाही. २०१६ साली अमेरिकेत तीन तरुणांनी 'मिराई' नावाचा एक प्रोग्राम लिहिला. इंटरनेटला जोडलेले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर तो शोधत जायचा आणि साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या त्यांच्यावर लावून पाहायचा. कारखान्यातून जे पासवर्ड येतात, तेच. त्याने लाखो उपकरणं ताब्यात आली. प्रोग्राम उघड्यावर आल्यावर इतरांनीही तो उचलला, आणि त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या माऱ्याने अमेरिकेच्या मोठ्या भागात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास बंद पडल्या. म्हणजे कोणाच्या तरी दुकानातला कॅमेरा मालकाच्या नकळत भलत्याच्याच हुकमावर चालत होता. आपल्या सरकारने आता इंटरनेटवर चालणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना विक्रीआधी सुरक्षा चाचणी सक्तीची केलीय, ते चांगलंच आहे. पण तुम्हीच ठेवलेला अ‍ॅडमिन१२३ कुठली चाचणी बदलणार?

सुरक्षिततेची बाजू मांडणारे इथे म्हणतात, ठीक आहे, पासवर्ड बदलू. पण आई पडली तर? हा प्रश्न मी हलका मानत नाही. एकट्या राहणाऱ्या आईची काळजी परदेशातल्या मुलाला पोखरत असते. तेव्हा नीटच पाहू. म्हातारं माणूस घसरतं ते अनेकदा ओल्या न्हाणीघरात, आणि तिथे सहसा कोणी कॅमेरा लावत नाही, लावूही नये. हॉलमध्ये पडलीच, तर ती न्यू जर्सीला दिसेल. मुलगा जागा असेल तर. उचलेल कोण? उचलेल ती समोरच्या ब्लॉकमधली बाई, जिच्याकडे घराची दुसरी किल्ली आहे. आत्याकडे कॅमेरा होता आणि किल्ली कोणाकडेच नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. न्हाणीघरात धरायला दांडा नव्हता. गळ्यात अडकवायचं, दाबलं की पाच जणांना फोन लावणारं बटण मिळतं. पडल्याचं स्वतः ओळखणारी मनगटी घड्याळं २०१८ पासून बाजारात आहेत. सकाळी दहापर्यंत फ्रीजचं दार उघडलं नाही तर मुलाला कळवणारा साधा सेन्सर आहे. यातलं एकही यंत्र तिला पाहत नाही. मग इतकं सगळं असताना नेमका डोळाच का निवडला? मला वाटतं, डोळ्याने पाहणाऱ्याचं मन शांत होतं, म्हणून. त्या शांततेची किंमत आईने पदर सावरत मोजायची.

याचा अर्थ मी यंत्रांच्या विरोधात आहे असा कोणी काढू नये. आमच्या गावी शेतीपंपाला आठवड्यातले काही दिवस रात्रीची थ्री फेज येते. माझा चुलतभाऊ पूर्वी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावरून विहिरीवर जायचा, साप-विंचवातून. आता पंपाला मोबाईल स्टार्टर आहे. घरून फोन लावतो, लाइट आहे की नाही कळतं, मोटार चालू होते, विहिरीचं पाणी खाली गेलं की बंद होते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाने असं यंत्र शेतकऱ्यांसाठी कित्येक वर्षांपूर्वीच आणलं. त्याला मी हात जोडते. ते मोटारीवर लक्ष ठेवतं. मोटारीला पदर नसतो.

आता वचक. माझ्या मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात फ्रीजवर कॅमेरा आहे. पोळ्या-भाजी करणाऱ्या मावशींना तो असल्याचं कोणी सांगितलं नव्हतं. एके दिवशी पोळ्या लाटताना वरून आवाज आला, "मावशी, गॅस बारीक करा." मावशींच्या हातातलं लाटणं खाली पडलं. किती दिवस आपण दिसतोय, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची सोय नव्हती. त्या दिवसापासून त्या आपला डबा त्या घरात खात नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यावर बसतात, मांडीवर डबा घेऊन. मला त्या तिथे भेटल्या. सरकून मला वाट देत म्हणाल्या, "जेवताना कोणी तोंडाकडं बघत बसलं की घास जात नाही, ताई."

मैत्रीण म्हणते, चोऱ्या होतात. होतात. मग कपाटाला कुलूप लावावं, कॅमेरा हवाच तर कपाटासमोर लावावा, आणि मावशींना पहिल्या दिवशी दाखवून सांगावं की हा इथे आहे. कापडाच्या दुकानात शिरलं तरी भिंतीवर पाटी असते : 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात.' चार वारांसाठी आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाला जो मान मिळतो, तो आठ वर्षं आपल्या घरच्या पोळ्या लाटणाऱ्या बाईला मिळू नये? संशय असेल तर तो तोंडावर बोलून दाखवायची हिंमत हवी. न सांगता लावलेला कॅमेरा हा पाठीमागे घेतलेला संशय आहे, आणि असा संशय घेणाऱ्याने स्वतःला सरळ माणूस म्हणवून घेऊ नये.

'घर माझं' या मुद्द्याचं उत्तर न्यायालयांनी देऊन ठेवलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचा वाद उच्च न्यायालयात गेला. एकाने राहत्या भागात कॅमेरे लावले होते. सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय घराच्या आतल्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असं न्यायालयाने २०२५ मध्ये ठरवलं. त्या निकालात हात घालायला सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात नकार दिला. म्हणजे सातबारा, ताबा, मालकी यांनी दुसऱ्याच्या अंगावर डोळा ठेवायचा अधिकार येत नाही. पण सगळ्यांनाच कोर्टाची पायरी चढता येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीची भाषा बोलतो, मात्र एखाद्या व्यक्तीने घरगुती कारणासाठी गोळा केलेली माहिती त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवलीय. आत्या मुलावर खटला भरणार नाही. मावशी तर काम जाईल म्हणून पोलिस ठाण्याचं नावही काढणार नाहीत. कायदा जिथे पोचत नाही तिथे फक्त विचारणं उरतं, आणि नेमकं तेच आपण करत नाही.

राहिलं ते शेवटचं पालुपद, की माहिती तर कधीच सगळीकडे गेली. हे हात टेकणं आहे आणि त्याला शहाणपण म्हणण्याचं मला काही कारण दिसत नाही. मोबाईल नंबर गेला म्हणून न्हाणीघराची कडीही काढून ठेवायची का? फोन करून कर्ज विकणारा माणूस आणि फरशीवर आडव्या पडलेल्या आईचं चित्रण, या दोन गोष्टी एका तराजूत घालणाऱ्याला मी काय सांगू? नंबर बदलता येतो. चेहरा आणि अंग बदलता येत नाही.

मी आतेभावाला दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा वाद घातला नाही. म्हटलं, तू एकदा तिला विचार. कॅमेरा चालतो का असं विचारू नकोस, त्यावर ती 'चालतो' म्हणेल, कारण तू लावलायस. कुठे असावा, कधी बंद असावा, ऐकू यावं की नाही, हे विचार, आणि उत्तर यायला वेळ दे. त्याने विचारलं. आत्याने दोन दिवस घेतले. मग सांगितलं : दाराबाहेर लाव, बेल वाजली की कोण आलंय ते मलाही दिसेल. हॉलमधला काढ. समोरच्या वहिनींना किल्ली देते. रोज सकाळी तुझ्या झोपायच्या आधी मीच व्हिडिओ कॉल करीन, तेव्हा पोटभर बघ.

शोकेसवर काकांच्या फोटोशेजारी आता बटणांचा डबा आहे. मागच्या आठवड्यात गेले तर आत्या आरामखुर्चीत पाय वर घेऊन झोपली होती, तोंड उघडं, चष्मा छातीवर.

मैत्रिणीला मी मावशींना विचारायला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना काय विचारायचं?" मावशी अजून जिन्यात जेवतात.